अखाजीची घागर आणि आमचा वर्ग

अखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, जवळ आली की आमच्या चोपड्याकडच्या शाळांमध्ये हजेरी आपोआप ढेपाळते. एप्रिलची सकाळची शाळा, नऊ वाजताच वरचे पत्रे तापलेले, पोरींचं अर्धं लक्ष लिंबाला झोका बांधला का नाही याच्याकडे, कुणाची आत्या सासरहून येणार असते, कुणाची मोठी बहीण, आणि गडी माणसांचे पत्त्यांचे डाव तर आधीपासूनच रंगलेले असतात. अशात परिसर अभ्यासाचं पुस्तक उघडा म्हटलं तर कोण उघडणार? म्हणून म्हटलं चला, अखाजीच वर्गात आणू.

माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र आहे. विचारलं, अखाजीला घरी काय काय करतात, तर झोका, सांजोऱ्या, आमरस, आगारी (पितरांसाठी विस्तवावर टाकायचा नैवेद्य) सगळं सांगून झालं आणि मग घागरीवर गाडी आली. नवी मातीची घागर आणायची, पाणी भरायचं, वर खरबूज-आंबा ठेवायचा, पितरांच्या नावानं पूजा. मी विचारलं, त्यातलं पाणी गार का लागतं रे? एक जण लगेच उठून, "मॅडम, मातीमाच थंडी ऱ्हास!" सगळ्या वर्गाला पटलं. मग मीही पटल्यासारखं केलं आणि म्हटलं, बरं, मग बघूया.

दोन सारख्या घागरी आणायच्या ठरल्या. एका पोरानं घरची आणतो म्हटलं आणि दुसऱ्यानं त्याला तिथंच अडवलं, "ती तुना आजानी शे, तिले हात नही लावतस." खरंच होतं, त्यांच्याकडे त्या वर्षी आजोबा गेले होते. त्याच्यानंतर पाच-दहा मिनिटं वर्गात घागर बाजूलाच राहिली, कोणाकडे कुणाची घागर भरतात हे पोरं आपणहून सांगत बसली आणि मी मध्ये बोलले नाही. तडवी समाजातली एक मुलगी म्हणाली आमच्यात घागर पुजत नाहीत पण उन्हाळाभर पाणी तिच्यातलंच पितो, आणि आमची आजी घागरीला ओलं गोणपाट गुंडाळते, लई गार होतं. हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं कारण पुढं तेच कामाला आलं.

घागरी शेवटी कुंभाराकडूनच घेतल्या. पोरांना घेऊन गेले तर त्यांनी सांगितलं की मातीत राख आणि लीद मिसळतात, त्यावर "शीऽऽ" असा जो सूर निघाला, पण मग ते म्हणाले की भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक बारीक भोकं राहतात, पाणी त्यातूनच पाझरतं. इतकं सोपं करून मला नसतं सांगता आलं.

एका घागरीला शाळेच्या खिडक्या रंगवून उरलेला ऑइलपेंट बाहेरून पूर्ण फासला, दोन हात दिले आणि चांगली वाळू दिली. शेजारी पोषण आहाराच्या खोलीतलं एक स्टीलचं पातेलं. तिन्हींत संध्याकाळी सारखंच पाणी भरून झाकून ठेवलं. थर्मामीटरचीही गंमत झाली, एका पोरीनं घरून ताप बघायचा डिजिटल आणला, पाण्यात धरला तर नुसतं 'लो' दाखवतोय, कारण तो माणसाच्या तापापुरताच बनवलेला असतो. मग हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून काचेचा मागून आणला.

सकाळी दहा वाजता स्टील 31 अंश, रंगवलेली घागर 31, साधी घागर 24.

वर्ग गप्प. रंगवलेली घागरसुद्धा मातीचीच की! "मातीमाच थंडी" म्हणणारा पोरगा उठून रंगवलेल्या घागरीला हात लावून आला, परत गेला, परत हात लावला. मग किराणा दुकानातून काटा आणला आणि रात्री-सकाळी वजन केलं तर साध्या घागरीचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास कमी, बाकी दोन्ही जवळपास होती तेवढीच. लगेच आरोप, कुणीतरी पाणी प्यायलं! मला आवडलं हे. म्हटलं ठीक आहे, आज खोलीला कुलूप, किल्ली माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी परत तेवढंच कमी. आता पाणी गेलं कुठं याला उत्तर द्यायला लागतंय ना. तेव्हा त्या मुलीचं ओलं गोणपाट फळ्यावरून खाली आलं. थर्मामीटरच्या टोकाला ओला कपडा गुंडाळून वहीनं वारा घातला तर पारा सरसर उतरायला लागला, आणि पोरं एकमेकांचे ओले हात फुंकत बसली. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती उष्णता ते आतल्या पाण्यातून ओढून घेतं, म्हणून मागं राहिलेलं पाणी गार होतं, एवढंच मी सांगितलं. रंगानं भोकं बुजली म्हणून रंगवलेल्या घागरीत हे काही झालंच नाही.

झोक्याचं थोडक्यात सांगते कारण त्यात मजा जास्त आणि भांडणं त्याहून जास्त झाली. 4 मीटरचा दोर, मोबाईलवर टायमर, 10 हेलकावे मोजायचे. 40 सेकंदांच्या आसपास. जाड पोरगा बसला तरी तेवढेच, पहिलीतली बारकी बसली तरी तेवढेच. 1 मीटर दोरीला दगड बांधला तर 20, म्हणजे दोर चौपट केला की वेळ दुप्पट. पण एक पोरगी उभी राहून झोका घेते, तिचे सेकंद कमी भरले आणि सगळे म्हणाले मोजण्यात लबाडी. लबाडी नव्हती, उभं राहिलं की अंगाचा भार वर सरकतो, म्हणजे दोर आखूड केल्यासारखंच झालं.

अखाजीच्या सुमारास व्हॉट्सॲपवर 'आपल्या सणांमागचं विज्ञान' नावाचे लांबलचक मेसेज फिरतात, शिक्षकांच्या ग्रुपवर तर जास्तच, आणि मला त्यांचा खरंच वैताग येतो. त्यात कुणी काही मोजलेलं नसतं. घागर भरतात ती गेलेल्या माणसाची आठवण म्हणून, त्या आजोबांच्या घागरीला बाष्पीभवनाचं सर्टिफिकेट कशाला पाहिजे? सण आहे म्हणून पोरांकडे बोलायला भरपूर असतं आणि प्रश्न त्यांच्या घरातून येतो, मला तेवढं पुरे आहे.

आणि जुलैत तर घागरीनं आमचीच जिरवली. आता चौथीत आलेली पोरं नव्या तिसरीला रुबाबात सांगत होती की घागर सात अंश गार करते, म्हटलं दाखवा करून. भर पावसात मांडणी केली आणि स्टील नि साध्या घागरीत फरक आला दीड-दोन अंशाचा. रुबाब उतरला. मग एक जण म्हणाला, आमचा कूलर पण पावसाळ्यात काही कामाचा नसतो, नुसतं चिपचिप होतं. बरोब्बर! हवेतच ओल भरलेली असली की घागरीवरचं पाणी उडून जाणार कुठं, मे महिन्यातली आमची खानदेशची हवा कोरडीठाक, तिथं घागर आणि कूलर दोघं जोरात चालतात.

सध्या वाद वेगळाच चालू आहे. एकीची आजी म्हणते जुनी घागर पाणी गार करत नाही. बोअरच्या पाण्यातला क्षार भोकांत बसतो, घागरीवर बाहेरून पांढरा थर दिसतो तो तोच. पण किती फरक पडतो हे पाहिजे ना! म्हणून वर्गाला सांगून ठेवलंय, गेल्या वर्षीच्या घागरी कुणी फोडू नका, कुंडी म्हणून पण वापरू नका, घरच्यांना विचारून शाळेत आणा. आतापर्यंत ऑफिसच्या कोपऱ्यात एवढ्या जमल्यात की मुख्याध्यापक सर रोज विचारतात, मॅडम, दुकान टाकायचंय का?