नवरदेव पायी गेला

देवउठनी ग्यारसच्या, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीच्या रात्री इंदुरात घोडी रिकामी मिळत नाही. चातुर्मासात अडकलेली लग्नं त्या एका दिवशी सुटतात आणि मुहूर्तही बघावा लागत नाही. आपल्या घरांत कार्तिकीचा उपास आणि तुळशीच्या लग्नाची गडबड, बाहेर रस्त्यावर बँडमागून बँड. मी जनावरांचा डॉक्टर. दवाखाना राऊजवळ. रोजचे पेशंट म्हणजे लॅब्राडोर, मांजरं आणि आसपासच्या गावांतल्या म्हशी. मागे पत्र्याची मोठी शेड आहे, तिथे मोठं जनावर रात्रभर ठेवता येतं. घोडे क्वचित येतात, आणि येतात ते बहुतेक याच मोसमात, पोटशूळ घेऊन.

साडेनऊच्या सुमाराला नानांचा फोन आला. नाना पागनीसपाग्यातले. आजोबा होळकरांच्या पागेत मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते असं ते सांगतात. आज दारात तीन घोड्या आहेत, तिन्ही वरातीच्या. घोड्यांच्या बाबतीत हा माणूस सहसा घाबरत नाही, उलट मलाच चार गोष्टी सुनावतो. त्या रात्री आवाज वेगळा होता.

"डॉक्टरसाहेब, चांदणी बसली हो. अन्नपूर्णा रोडवर, भर वरातीत. नवरदेव उतरवला. सारखी कुशीकडे बघतेय, घामाने निथळतेय, आणि नाकातून पाणी येतंय."

कुशीकडे बघणं, घाम, हे पोटशूळात असतंच. नाकातलं पाणी ऐकून मात्र मी चपला शोधायला लागलो. घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं परत वर येत नाही. त्यात जठर अंगाच्या मानाने लहान, 8 ते 15 लिटरचं. गाईच्या पोटात मावतं त्याच्या पासंगालाही पुरत नाही. ते फुगत गेलं आणि पुढे वाट मिळाली नाही तर फाटतं. नाकातून पाणी येतंय म्हणजे ते काठोकाठ भरलंय.

"काही पाजू नका. लोळायला लागली तर उठवा, हळूहळू चालवा. मी निघालो."

"इथे एक जण हिंग आणि सरसूचं तेल घेऊन उभा आहे, बाटलीने पाजतो म्हणतोय."

"त्यालाच पाजा."

पोचलो तेव्हा डीजे बंद झाला होता आणि नाचणारे मोबाइल काढून उभे होते. मध्ये ती पांढरीशुभ्र नुकरी घोडी, अंगावर जरीची झूल, मान खाली. झूल आधी काढायला लावली. जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजली: मिनिटाला 80. निरोगी घोड्याची उभ्या जागी 28 ते 40 असते. हिरड्या विटकरी. बोटाने दाबून सोडलं तर रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागत होता.

"आज काय खाल्लं?"

"रोजचंच. सकाळी चारा, दुपारी थोडी चंदी," नाना म्हणाले.

त्यांचा नातू लगाम धरून उभा होता, असेल चौदा-पंधरा वर्षांचा. तो हळूच म्हणाला, "आजोबा, डाळ."

इकडच्या लग्नांत नवरदेव घोडीवर चढला की बहिणी, आत्या, मावश्या घोडीला भिजवलेली चण्याची डाळ खायला घालतात. कुठे बरोबर गूळ. शकुनाची गोष्ट, कोणी नाही म्हणत नाही, आणि घोडी तर नाहीच नाही. चांदणीची त्या दिवशीची ही तिसरी वरात होती. दुपारच्या लग्नात नवरदेवाला पाच बहिणी होत्या आणि प्रत्येकीची वेगळी ताटली होती, असं पोरगा सांगत होता. दुसऱ्या लग्नात तर उरलेली परातच पुढे ठेवली. नाना त्या वेळी हिशेब करत बसले होते. म्हणजे सगळी मिळून पाच-सहा किलो डाळ, वर पाणी, आणि मग डीजेच्या भिंतीसमोर तासभर उभं राहणं. भिजलेला दाणा आत आणखी फुगतो, आंबतो, वायू धरतो.

आमच्या कॉलेजात, महूच्या, घोड्याच्या पोटशूळाबद्दल एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती: आधी नळी, मग सुई. दुखणं थांबवणारं इंजेक्शन पटकन देता येतं आणि घोडाही पटकन शांत होतो. पण जठर फाटतं तेव्हाही दुखणं एकदम थांबतं. मालक म्हणतो, बरं वाटतंय बघा. काही तासांत घोडा मेलेला असतो. म्हणून घोडा अचानक शहाण्यासारखा उभा राहिला की मला हायसं वाटत नाही, मी आधी नाडी बघतो.

नळी घालायला उजेड हवा होता. वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या बाया असतात ना, त्यांच्यातल्या एकीला मी जवळ यायला सांगितलं. ती आली आणि पुढचा अर्धा तास हलली नाही. दिवा बरोबर नाकपुडीवर. एवढा चांगला असिस्टंट मला पगार देऊनही मिळालेला नाही. हातमोजे घातले (घोड्याच्या नाकाशी काम करताना ते घालायचेच, ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो), गुंगीचं थोडं औषध दिलं, नाकपुडीपासून शेवटच्या बरगडीपर्यंत नळी मापून पेनाने खूण केली. नाकातून नळी सरकवताना घोडीने गिळेपर्यंत थांबायचं असतं. घाई केली तर ती श्वासनलिकेत जाते. तिने गिळलं. मानेच्या डाव्या बाजूला कातडीखालून नळी सरकताना दिसली, फुंकर मारल्यावर तिथे फुगवटा आला. मग खूण नाकापाशी आली आणि फस्स करून आंबूस वायू सुटला, पाठोपाठ फेसाळ पाणी आणि डाळ. जवळ उभे असलेले पाहुणे चार पावलं मागे गेले.

नवरदेवाचे काका घड्याळ बघत होते. "डॉक्टर साब, आधे घंटे में चल पाएगी क्या? मुहूर्त..."

"आज तो पूरा दिन मुहूर्त है," मी म्हटलं. ते हसले, आणि नवरदेव पायी निघाला. थोड्या वेळाने तोच सगळ्यांच्या पुढे नाचत होता म्हणे. त्याची एक बहीण मात्र रिकामी ताटली घेऊन तिथेच उभी होती, डोळे भरलेले. तिला म्हटलं, तुझ्या मूठभर डाळीने काही झालेलं नाही. ते खरंही होतं. कोणा एकीच्या ताटलीने झालेलं नव्हतं.

नळी दाण्यांनी तुंबायला लागली. नाडी 64 वर आली होती, एवढी सवड गाडीत घालायला पुरेशी होती. नळी नाकातच ठेवून मोहरकीला, तोंडावरच्या दोरीला, बांधली. टेंटवाल्यांनी स्टेजचा तख्त काढून पिकअपला उतार करून दिला, दोन्ही बाजूंना गाद्या बांधल्या. नाना तिच्या तोंडाशी उभे राहिले, पोरगा शेपटीकडे. मी मागे माझ्या गाडीत. राजेंद्र नगर ओलांडेपर्यंत आणखी दोन वराती आडव्या आल्या. दुसऱ्या बँडचा आवाज आला तसे चांदणीने कान टवकारले आणि एक पाय आपटला. एवढ्या दुखण्यातही तिला ठेका कळत होता. नाना रडायला लागले ते तेव्हा.

शेडमध्ये आल्यावर खरं काम सुरू झालं, आणि ते कंटाळवाणं असतं. बादलीभर कोमट पाणी नळीतून आत सोडायचं, नळीचं तोंड पोटाच्या पातळीखाली आणायचं, पाणी आणि थोडे दाणे बाहेर येऊ द्यायचे, तुंबली की फुंकायची, परत पाणी. भिजलेली डाळ बोटाएवढ्या जाडीच्या नळीतून काढायची म्हणजे किती वेळ लागेल ते सांगायला नको. मानेतल्या शिरेतून सलाइन चालू होतं. आपल्याकडे अर्ध्या लिटरच्या बाटल्या, आणि घोड्याला दहा-पंधरा लिटर सहज लागतं. बाटल्या बदलायचं काम पोराने घेतलं. कोपरापर्यंत हात घालून आतड्यांची तपासणी केली, कुठे पीळ किंवा ताठ फुगलेलं वेटोळं हाताला लागलं नाही. लागलं असतं तर पोट उघडण्यावाचून इलाज नसतो, आणि घोड्याला टेबलावर भूल देऊन पोट उघडणं माझ्या पत्र्याच्या शेडमधलं काम नव्हे. नानांना मी ते आधीच सांगून ठेवलं होतं.

दोनच्या सुमाराला नळीतून नुसतं पाणी यायला लागलं. नाडी 52. तेव्हा दुखण्याचं इंजेक्शन दिलं.

पण डाळीचा दुसरा वार पायांवर असतो. जठरातून निसटून मोठ्या आतड्यात गेलेला पिष्टमय भाग तिथे आंबतो, आम्ल वाढतं, जंतू मरतात, त्यांचं विष रक्तात उतरतं. एक-दोन दिवसांनी खुराच्या आतले पापुद्रे सुजतात. खुरात हाडाला धरून ठेवणारे तेच. ते सुटले तर घोडी जगते, पण कामाची राहत नाही. याला आजवरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे बर्फ: चारही पाय गुडघ्याखाली दोन-तीन दिवस सतत बर्फाच्या पाण्यात.

रात्री दोनला बर्फ कुठून आणायचा? तेवढ्यात त्याच नवरदेवाच्या काकांचा फोन. घोडी कशी आहे, काही लागतंय का. मी म्हटलं, बर्फ. अर्ध्या तासात कॅटररचा टेम्पो आला, लाद्याच्या लाद्या गोणपाटात गुंडाळलेल्या, आणि त्यावर बसलेला एक आचारी, ज्याला वाटत होतं इथे दुसरं लग्न आहे. जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या पायांना बांधून त्यात बर्फ आणि पाणी भरत राहिलो. चांदणी दमून उभी होती, तिने काही हरकत घेतली नाही.

उजाडताना तिने लीद टाकली. ओली, त्यात थोडे दाणे. नानांनी ती हातात घेऊन बघितली आणि पोराला दाखवली. दुपारी तिने वाळक्या गवताची काडी तोंडात घेतली. बर्फ तिसऱ्या दिवशी काढला. खुरावरच्या नाडीची धडधड वाढली नाही, चाल सरळ राहिली. तो मोसम तिने घरीच काढला.

नाना आता घोडीला मुसकं बांधूनच नवरदेव चढवतात. डाळ आपल्या पंच्यात घेतात, म्हणतात घोडी मागाहून खाईल. एका बुवाजींनी, म्हणजे नवरदेवाच्या आत्याने, ऐकलं नाही. "घोड़ी ने मुँह ही नहीं लगाया तो शगुन काहे का?" तेव्हा नानांनी मुसकं काढलं, तळहातावर मोजून सात दाणे ठेवले आणि घोडीपुढे धरले. बुवाजींनी ते स्वतः मोजून बघितले म्हणे. बाकीची पंच्यातली डाळ घरी जाते. त्यांच्या सुनेने मोसमभर वाटली डाळ करून करून हात टेकलेत. माझ्या फीचे थोडे पैसे अजून यायचे आहेत. आठवण केली की नाना डबा घेऊन येतात, त्यातही वाटली डाळच असते.