मिशिमाच्या गेटवर अडकलेली तीन कार्डं

टोकियोत नऊ वर्षं काढली की माणसाला वाटायला लागतं, इथल्या रेल्वेतलं आता आपल्याला कोणी काही शिकवायला नको. मे महिन्यातल्या एका रविवारी हा समज उतरला.

चिरंजीवांना आदल्याच आठवड्यात बारा पूर्ण झाली होती. मिशिमाचा झुलता पूल बघायचा हट्ट त्याचाच. ४०० मीटर लांब, आणि आकाश मोकळं असेल तर समोर फुजी. शिंकान्सेनने तासाभराचं काम, पण मी साधी गाडी धरली. दोन तास, मध्ये आतामीला बदल. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला दोन तासांचं काय! निशी-कासाईहून मेट्रोने ओतेमाची, तिथून चालत टोकियो स्टेशन, गेटवर सुइका, म्हणजे इथलं रेल्वेचं प्रीपेड कार्ड, टेकवलं आणि आत.

मिशिमाला बाहेर पडताना कार्ड टेकवलं तर लाल दिवा लागला आणि झडपा बंद. मागे रांग. मला वाटलं पैसे संपले, पण शिल्लक चांगली पाच हजार येनच्या वर होती.

घोटाळा माझाच होता. २०१३ च्या मार्चपासून देशातली दहा मोठी कार्डं एकमेकांच्या हद्दीत चालतात, एवढं मला पाठ होतं. त्याच्या पुढची ओळ मी कधी वाचली नव्हती: एका हद्दीत आत शिरून दुसऱ्या हद्दीत बाहेर पडता येत नाही. आतामीपर्यंत जेआर ईस्ट ही रेल्वे कंपनी, पुढे जेआर सेंट्रल ही दुसरी. रूळ तेच, तिकीटही एकच मिळतं, फक्त कार्ड हद्द ओलांडत नाही.

खिडकीतल्या माणसाने माझं कार्ड यंत्रावर ठेवलं. "टोकियोहून?" "हो." २,३१० येन, रोख. कार्डातून कापता येणार नाहीत म्हणाला. मग हिची पाळी. हिचं सुइका फोनमध्ये आणि फोन बंद पडलेला, त्यामुळे यंत्राला दाखवायला काहीच नाही. त्याने नुसतं विचारलं, "आपण कुठून बसलात?"

आतामी म्हटलं असतं तर तीनशे-साडेतीनशे येनमध्ये भागलं असतं. हे गणित माझ्या डोक्यात झालं, खोटं कशाला बोलू. ही मात्र माझ्याकडे न बघता "टोकियो" म्हणून मोकळी झाली. त्याने पुढे एक प्रश्न विचारला नाही.

मधल्या अंतराचे पैसे बुडवण्याला इथे 'किसेरू' म्हणतात. किसेरू म्हणजे जुना जपानी हुक्कापाइप: दोन्ही टोकं धातूची, मधली नळी बांबूची. धातू आणि पैसा दोन्हींना शब्द 'काने'च, म्हणून टोकांना पैसा आणि मध्ये पोकळ. पकडलं तर भाडं आणि वर त्याच्या दुप्पट, म्हणजे एकूण तिप्पट. मी डोंबिवलीहून जा-ये करायचो तेव्हा किमान दंड २५० रुपये होता, आणि गप्पा असायच्या त्या टीसी आज कुठल्या पुलावर उभाय याच्या. इतका चपखल शब्द आम्हाला कधी सुचला नाही.

हिच्या उत्तराने जरा वरमलो होतो, म्हणून मुलाचं मीच पुढे होऊन सांगितलं. "याला बारा पूर्ण झाली आहेत, पूर्ण भाडं घ्या."

"कितवीत आहे?"

"सहावीत."

"मग पुढच्या ३१ मार्चपर्यंत लहानच." प्राथमिक शाळेत आहे तोवर वय बारा झालं तरी अर्धंच. १,१५० येन. 'लहानच' ऐकून चिरंजीवांचा चेहरा असा झाला, की मी ते वरचे हजारभर येन देऊनच टाकतो म्हणालो असतो.

पैसे भरले तरी कार्डं सुटली नव्हती. त्यांच्या लेखी आम्ही अजून टोकियोहून निघून वाटेतच होतो, आणि तो प्रवास मिटल्याशिवाय कुठलंच गेट आत घेणार नाही. तो मिटवायचा सुइकाच्या हद्दीत. तिघांसाठी त्याने चिठ्ठ्या लिहून दिल्या, वर "त्रास होतोय, माफ करा" हेही.

पूल झाला. फुजी ढगात. जेवायला बसलो तिथे हिने फोन चार्ज करून घेतला, कारण तोही यंत्रावर ठेवावा लागणार होता. परतताना मशिनवर मुकाट कागदी तिकिटं काढली.

टोकियोला खिडकीत तिकिटं, चिठ्ठ्या, दोन कार्डं आणि फोन असा सगळा संसार मांडला. बाईंनी चिठ्ठ्या वाचल्या, एकेक वस्तू यंत्रावर ठेवली, चार बटणं दाबली. दोन मिनिटं लागली असतील. एक येन कापला नाही.

ओतेमाचीला मेट्रोच्या गेटवर मुलाने कार्ड टेकवलं. लहान मुलांच्या कार्डाला गेट चिमणीसारखं 'पियो पियो' करतं. त्याने आधी मागे बघितलं, कोणी ओळखीचं नाही ना, आणि झटकन आत गेला.