दोनशे फुटांवरून पुन्हा वर

जूनचा महिना, दुपारची वेळ, नागपूर-मुंबई. एअरबस ए-३२० जवळपास भरलेलं होतं. मी कॅप्टन, शेजारी बसलेला फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, ठाण्याचा, वयानं तरुण, पण हुशार. उतरण्याआधीच्या ब्रीफिंगमध्ये मी त्याला म्हणाले, "आज गो-अराउंड करायचाच आहे असं धरून चालू. सगळं जुळून आलं तर उतरू." गो-अराउंड म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं.

नैऋत्य मोसमी वाऱ्यात मुंबईला बहुतेक वेळा २७ नंबरची धावपट्टी मिळते. म्हणजे पूर्वेकडून यायचं. ठाण्याची खाडी, मग घाटकोपर-कुर्ल्याची दाट वस्ती आणि लगेच धावपट्टी. समुद्रावर एकसारखा वाहणारा वारा शहरातल्या इमारतींना धडकत आमच्यापर्यंत येईतो त्याचे तुकडे झालेले असतात. टॉवरनं वारा सांगितला: २२० अंशांवरून २२ नॉट, झोत ३५. म्हणजे ताशी ४० किलोमीटरचा वारा मध्येच ६५ होणार, आणि तोही डावीकडून तिरका.

वारा जोराचा पण स्थिर असेल, तर त्याची सवय करून घेता येते. जीव खातो तो त्याचा चढउतार. समजा विमान हवेत १४० नॉटने चाललंय आणि समोरचा वारा अचानक १४ नॉटने पडला. वेग १० टक्क्यांनी घटला, पण पंखांची उचल वेगाच्या वर्गावर चालते, त्यामुळे ती जवळपास १९ टक्क्यांनी जाते. विमान खाली बसतं. तेव्हा इंजिन मंद फिरत असेल, तर त्याला पूर्ण जोर धरायला सात-आठ सेकंद लागू शकतात. जमिनीजवळ एवढा वेळ नसतो.

ए-३२० मध्ये यावर एक फार सुरेख सोय आहे, 'ग्राउंड स्पीड मिनी'. समोरून झोत आला की हवेतला वेग वाढतो. अशा वेळी जोर कमी करायचा मोह होतो, आणि झोत ओसरला की पंचाईत होते. ही यंत्रणा झोत येताच वेगाचं लक्ष्यच वर सरकवते, म्हणून इंजिनं जागी राहतात. पण तिलाही मर्यादा आहेत. झोत क्षणात नाहीसा झाला की काय होतं, ते आम्ही त्या दिवशी पाहिलं.

हजार फुटांवर ऑटोपायलट काढला. विमानाचं नाक वाऱ्याकडे, म्हणजे डावीकडे आठ-दहा अंश वळलेलं, आणि पावसातून दिसणारी धावपट्टी काचेच्या उजव्या बाजूला. डावा हात विमान वळवायच्या साइडस्टिकवर, उजवा इंजिनांचा जोर ठरवणाऱ्या थ्रस्ट लिव्हरवर. पाचशे फुटांवर सगळं मर्यादेत होतं. दोनशेच्या आसपास एकदम पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. "स्पीड!" शेजारून आवाज आला. धावपट्टीची सुरुवात काचेत वर सरकली, उतरण्याचा उतार दाखवणाऱ्या बाजूच्या 'पापी' (PAPI) दिव्यांतला पांढरा नाहीसा झाला, चारही लाल, म्हणजे आम्ही फार खाली. "गो-अराउंड, फ्लॅप्स," म्हणत मी लिव्हर पुढच्या टोकाला ढकलले आणि नाक वर घेतलं. इंजिनं गरजली. "पॉझिटिव्ह क्लाइंब." "गिअर अप." काही क्षणांत जुहूचा किनारा खालून गेला.

ओढूनताणून ते विमान कदाचित उतरवताही आलं असतं. पण त्या 'कदाचित'वर मी पावणेदोनशे माणसं बसवणार नाही.

टॉवरला लगेच कळवलं: दोनशे फुटांवर वेग १३ नॉटने पडला. मागून येणाऱ्या विमानासाठी याहून मोलाची माहिती नसते. ते ऐकून त्या कॅप्टननं होल्डिंग, म्हणजे हवेतच घिरट्या घालत थांबणं, मागून घेतलं. नागपूरहूनच मी जादा इंधन घेतलं होतं. पुन्हा फिरून यायला सात-आठशे किलो लागतं. आणखी एक प्रयत्न, नाहीतर सरळ अहमदाबाद, हे आधीच ठरलेलं. प्रवाशांना मराठीत आणि हिंदीत तेवढंच सांगितलं: वारा अचानक बदलला, म्हणून वर आलो, विमान उत्तम स्थितीत आहे. माणसं घाबरतात ती कोणी काही सांगत नाही म्हणून.

दुसऱ्या वेळी वारा २४ नॉट, झोत ३१. धक्के तेवढेच, पण वेग टिकून होता. शेवटच्या तीस फुटांत नाक उचलता उचलता उजव्या पायानं रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून ते धावपट्टीच्या रेषेत आणलं आणि डावा पंख वाऱ्यानं उचलला जाऊ नये म्हणून स्टिक किंचित डावीकडे. चाकं ठणकून टेकली.

उतरताना एक आजोबा दाराशी थांबले. "जरा आपटलंत की ताई."

"मुद्दामच, काका," मी म्हणाले. ओल्या धावपट्टीवर विमान अलगद टेकवलं तर चाकं पाण्यावर तरंगू शकतात आणि ब्रेक नीट लागत नाही. ठाम टेकलं की पाणी कापलं जातं, चाकं लगेच फिरतात, पंखांवरचे, उचल मोडणारे स्पॉयलर उघडतात आणि वजन जमिनीवर बसतं. 'मख्खन लँडिंग'चं कौतुक पावसाळ्यात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आजोबांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

मागचं ते विमान बराच वेळ वर फिरून शेवटी अहमदाबादला गेलं. फर्स्ट ऑफिसरनं विचारलं, "मॅम, आपण उतरलो, मग ते का नाही?" त्याच्या टाकीत किती उरलं होतं आणि त्याच्या वेळी टॉवरनं काय वारा सांगितला हे त्यालाच ठाऊक, मी म्हणाले. त्यानं बरोबर केलं. मग आम्ही दोघं गो-अराउंडचा रिपोर्ट लिहायला बसलो.