काल उठलेला माणूस

साथरोगांचा इतिहास शिकवताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: जगापासून तुटलेल्या आदिवासी वस्त्यांना इन्फ्लुएन्झाची, म्हणजे फ्लूची, महासाथ इतकी का भोवते? गर्दी नाही, फारशी ये-जा नाही. मग ही माणसे उलट सुरक्षित राहायला हवीत. पाठोपाठ विचारणाऱ्याचेच उत्तरही येते, की त्यांच्या रक्तातच प्रतिकारशक्ती नसेल. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आज कॅनडात असलेल्या लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर ओकाक नावाची इनुइट या मूळनिवासी लोकांची वस्ती होती. नोव्हेंबर 1918 मध्ये मोरेव्हियन मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे 'हार्मनी' हे जहाज तिथे आले आणि सामानाबरोबर फ्लूही उतरला. 263 पैकी 204 माणसे दगावली. मोठ्या गावात साथ टप्प्याटप्प्याने फिरते, त्यामुळे आज अंथरुणाला खिळलेल्याला काल उठलेला माणूस पेज भरवतो. ओकाकमध्ये जवळजवळ सगळे एकदमच आडवे झाले आणि असा काल उठलेला माणूसच उरला नाही. शिकार थांबली, चुली विझल्या, आणि चूल विझली की पाणीही संपले, कारण हिवाळ्यात तिथे पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. त्याच किनाऱ्यावरच्या एका झोपडीत आठ वर्षांची एक मुलगी घरच्यांच्या प्रेतांसोबत सुमारे पाच आठवडे एकटी राहिली. मेणबत्तीच्या ज्योतीवर बर्फ वितळवून ती पाणी पीत होती. हे शिकवताना आजही माझा आवाज स्थिर राहत नाही.

फ्लूशी पूर्वी गाठ न पडलेले शरीर बेसावध असते, हे खरेच आहे. ते मी नाकारत नाही. पण ते रक्ताचे, वंशाचे लक्षण नव्हे. प्रशांत महासागरातली सामोआ बेटे पाहा. तेव्हा त्यांचा पश्चिम भाग न्यूझीलंडच्या आणि पूर्व भाग अमेरिकेच्या ताब्यात होता. 7 नोव्हेंबर 1918 रोजी ऑकलंडहून आलेल्या 'तालुने' जहाजातले आजारी प्रवासी न्यूझीलंडच्या प्रशासनाने आपिया बंदरात उतरू दिले आणि पश्चिम सामोआतली सुमारे 8,500 माणसे, म्हणजे दर पाचांतील एकाहून अधिक, मरण पावली. शेजारच्या अमेरिकन सामोआत तीच भाषा, तेच नातेगोते. मात्र गव्हर्नर जॉन पॉयर यांनी येणाऱ्या जहाजांवर कडक विलगीकरण लादले, गावकऱ्यांनी स्वतः किनाऱ्यावर पहारा दिला, आणि तिथे फ्लूने एकही मृत्यू झाला नाही. दूर असणे पुरत नाही. दार लावण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, यावर सारे ठरते.

2009 च्या स्वाइन फ्लूच्या महासाथीत कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या आयलंड लेक भागात, जिथे कित्येक घरांत नळाचे पाणी नव्हते, मूळनिवासी कुटुंबांना वारंवार हात धुण्याचा सल्ला दिला जात होता. सप्टेंबरमध्ये सरकारी आरोग्य खात्याकडून तिथल्या काही वस्त्यांना साहित्य पोहोचले. त्यात मास्क होते, आणि प्रेते ठेवण्याच्या पिशव्याही.