शेवटचे पाच फूट

“कांचनजुंगावर पहिल्यांदा गेलेल्यांनी माथ्याला पायच लावला नाही, मग शिखर सर झाले असे कसे म्हणता?” हिमालयाविषयी बोलायला उभा राहिलो की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे दहा गिर्यारोहक १५ मे २०१९ रोजी या शिखरावर पोहोचले, तेव्हापासून तर तो अधिकच विचारला जातो. तुम्हीही विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

नेपाळ आणि सिक्कीम यांच्या सीमेवरचे हे ८,५८६ मीटर उंचीचे शिखर भारतातले सर्वांत उंच आणि जगातले तिसरे. यालुंग हिमनदीच्या बाजूने १९०५ मध्ये झालेल्या प्रयत्नात हिमस्खलनाने चौघांचा बळी घेतला आणि १९२९ व १९३१ मध्ये सिक्कीममधल्या झेमू हिमनदीकडून गेलेल्या पॉल बाउअर यांच्या जर्मन तुकड्याही माथा न गाठताच परतल्या. चार्ल्स इव्हान्स यांची ब्रिटिश मोहीम १९५५ मध्ये नेपाळच्या बाजूने निघाली खरी, पण सिक्कीमवासीयांसाठी हा डोंगर रक्षणकर्ता देव असल्यामुळे माथा न तुडवण्याचा शब्द इव्हान्स यांनी सिक्कीमच्या राजांना दिला होता. हा देवभाव किती रोजचा आहे, ते मला पेलिंगला दिसले. पहाटे खालची दरी काळोखात असताना शिखरावर गुलाबी उजेड चढू लागला, तेव्हा आमच्या घरमालकांनी किटली खाली ठेवून आधी हात जोडले आणि मगच चहा ओतला.

२५ मे १९५५ रोजी दुपारी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन माथ्याच्या अगदी जवळ आले, तेव्हा वाटेत सुमारे वीस फुटांची खडकातली भेग आडवी आली. मँचेस्टरचा ब्राउन हा त्या काळचा नाणावलेला प्रस्तरारोहक. पाठीवर प्राणवायूचे ओझे असताना, भेगेत हात रुतवून तो वर गेला. बँड त्याच्यामागोमाग पोहोचला, तेव्हा समोर वीसेक फुटांवर, उभ्या जागेपेक्षा जेमतेम पाच फूट उंच, बर्फाचा माथा होता आणि दोघेही तिथूनच मागे फिरले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीदर यांनीही तेच केले. मात्र त्यांना बाजूने बर्फावरची सोपी वाट सापडली, म्हणजे आदल्या दिवशीची ती कसरत टाळता आली असती!

माझ्या मते शिखर सर झालेच. चढाईतले जे काही अवघड होते ते मागे पडले होते आणि पुढच्या पाच फुटांत दिलेल्या शब्दाखेरीज आडवे येणारे काहीच नव्हते. भारतीय सेनेचे प्रेमचंद आणि निमा दोर्जे शेर्पा हेही १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या मोहिमेत ईशान्येकडच्या खडतर सोंडेवरून चढले आणि माथ्याखालीच थांबले; त्या चढाईला कोणी अपुरी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

“तुम्ही असता तर थांबला असता का?” हा त्यापुढचा ठरलेला प्रश्न. मी पेलिंगच्या गच्चीपर्यंतच गेलो आहे.