साखळ्या बांधल्यावर: अरुंद बास्केटचे सहा आठवडे

आमच्या रविवारच्या डिस्क गोल्फ गटानं ठरवलं की पुढची एक फेरी अरुंद बास्केटवर खेळायची. या खेळात चेंडू आणि भोकाऐवजी डिस्क, म्हणजे चकती, खांबाभोवती साखळ्या टांगलेल्या बास्केटमध्ये टाकायची असते. ते ऐकून त्याच संध्याकाळी मी अंगणातल्या बास्केटला टेप लावला. साखळ्या जिथे टांगलेल्या असतात त्या वरच्या कड्याची रुंदी ५३ सेंटीमीटर भरली. माझा अविआर पटर (जवळून टाकायची डिस्क) २१ सेंटीमीटरचा, म्हणजे डिस्कच्या अडीच पट जागा. मग सहज गोल्फचं गणित केलं. भोक १०.८ सेंटीमीटर, चेंडू साधारण ४.३. तिथेही अडीच पटच! तरी गोल्फमध्ये नामवंत खेळाडू जीन साराझेननं १९३०च्या दशकात भोक ८ इंचांचं करा म्हणून आग्रह धरला होता, आणि २०१४ मध्ये जॉर्जियात १५ इंचांच्या भोकांवर एक प्रदर्शनी सामनाही झाला. ते लोक मोठं करा म्हणतात आणि आपण लहान करा म्हणतो, कारण आपल्याकडे साखळ्या डिस्क झेलतात. दहा मीटरच्या आतले पट (बास्केटमध्ये टाकायच्या जवळच्या फेकी) वरच्या दर्जाचे खेळाडू इतके सहज टाकतात की तिथे आता फारसा फरकच पडत नाही.

मग मी बाहेरच्या सगळ्या साखळ्या केबल टायनं खांबाशी आवळल्या. आतल्या साखळ्यांचं कडं ३० सेंटीमीटरच्या आसपास उरलं. खालची टोपली मात्र रुंदच राहिली, म्हणून घरचा नियम केला: साखळीला लागून आत पडली तरच मोजायची, नुसती टोपलीत टपकलेली नाही.

बांधण्याआधी प्रत्येक अंतरावरून ५० पट टाकले होते. ४ मीटरवरून ४७, ६ वरून ३८, ८ वरून २४. बांधल्यावर पहिल्या आठवड्यात तेच आकडे ४१, २३ आणि ११ झाले. वहीत लिहिताना हात जड झाला. ६ मीटर हे मी माझं हक्काचं अंतर समजत होते.

दुसऱ्या आठवड्यापासून नुसता 'हुकला' असं न लिहिता कुठे हुकला तेही टिपायला लागले, आणि खरी गोष्ट तिथे कळली. हुकलेल्यांपैकी बहुतेक डिस्क खांबाच्या डाव्या बाजूनं निसटत होत्या. आपण उजव्या हातानं बॅकहँड टाकतो तेव्हा डिस्क वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. खांबाच्या उजवीकडे लागली तर डिस्कची डावी कड पुढे जात असते, घर्षण तिला मागे ओढतं आणि ती बसते. डावीकडे लागली तर उलटं होतं, फिरकीच तिला पुढे ढकलून बाहेर काढते. जुने खेळाडू डावी बाजू कच्ची म्हणतात ती यामुळे. माझे पट कित्येक महिने डावीकडेच जात असणार आणि बाहेरच्या साखळ्या ते निमूटपणे सांभाळून घेत असणार. खूप वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त आनंद झाला, कारण आता काय दुरुस्त करायचं ते समोर होतं.

दुरुस्ती छोटी निघाली. उजवं पाऊल मी फार आडवं ठेवत होते, त्यामुळे खांदा लवकर उघडत होता. पाऊल थोडं बास्केटकडे वळवलं. आणि खांबाकडे बघणं सोडून खांबाच्या उजवीकडच्या एका साखळीची मधली एक कडी नजरेनं धरली. त्या कडीवर लेकीनं लाल नेलपॉलिश लावून दिलं. तिसऱ्या आठवड्यात तिचा रंग अर्धा उडाला होता, पुन्हा लावावा लागला. चौथ्या आठवड्याअखेर आकडे ४५, २९, १४. आठ मीटरवर अजून दम नाही. तिथे डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर उचललं जातंय असं वाटतं, पण खात्रीनं सांगायला अजून नोंदी हव्यात.

पाचव्या रविवारी फेरी झाली, नऊ होल. घरगुती खेळ होता, पीडीजीएची (डिस्क गोल्फच्या संघटनेची) मान्यता नव्हती. मान्यताप्राप्त स्पर्धेत असं लक्ष्य वापरायचं तर आधी परवानगी लागते आणि ती स्पर्धा प्रायोगिक, म्हणजे 'एक्स' श्रेणीत धरली जाते.

चौथ्या होलला माझी डिस्क बास्केटपासून नऊएक मीटरवर थांबली. बास्केटमागे उतार. एरवी मी बिनधास्त टाकला असता, कारण हुकला तरी परतीचा पाच मीटरचा पट हातचा असतो. तसाच टाकला. कडेला लागून डिस्क उभी राहिली आणि गडगडत बारा मीटर खाली गेली. त्या होलला एकूण पाच फेकी झाल्या. सहाव्या होलला जवळपास तशीच जागा आली, तेव्हा मागून गटातला मित्र म्हणाला, "ताई, ले-अप करा, इथे परतीचा पटही अरुंदच आहे." मग थेट न टाकता डिस्क बास्केटपासून दोन मीटरवर नेऊन ठेवली आणि पार घेतला, म्हणजे ठरलेल्या फेकींत होल संपवलं.

अरुंद बास्केटमुळे पटिंगचं महत्त्व वाढेल असं मी धरून चालले होते. मैदानावर मला तरी उलटं दिसलं. आठ मीटरवरून सगळेच हुकतात, त्यामुळे जो दुसऱ्या फेकीत तीन मीटरच्या आत येतो तो पुढे जातो. किंमत अप्रोचची, म्हणजे डिस्क बास्केटजवळ नेणाऱ्या फेकीची, वाढली. म्हणून पटिंगची कसोटी एवढाच हेतू असेल तर माझ्या मते लक्ष्य थोडंसंच लहान करावं, निम्मं नको. आणि नवख्यांच्या दिवशी तर नेहमीचंच बास्केट हवं. साखळ्यांचा तो खणखणाट ऐकूनच माणूस या खेळात रमतो, मीही तशीच रमले. होल अवघड करायला दुसरी वाटही आहेच. इथून जवळ अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनातल्या रॉक हिलला, विन्थ्रॉप विद्यापीठाच्या मैदानावर मोठ्या स्पर्धेत सतराव्या होलला बास्केट साधंच, पण भोवती गवताच्या गठ्ठ्यांचं कडं. डिस्क त्यात थांबली नाही तर पुन्हा टीवरूनच, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून.

सहाव्या आठवड्यात टाय कापले. मोकळ्या साखळ्यांवर ४ मीटरवरून ४८, ६ वरून ४२, ८ वरून २६. सहा मीटरवरचे चार पट जास्त बसले, यावर मी खूष आहे. आजपासून टाय फक्त डाव्या बाजूच्या साखळ्यांना लावलेत, उजव्या मोकळ्या. तीन आठवडे असंच टाकणार आहे, आठ मीटरच्या नोंदी वेगळ्या पानावर. कोणी एकाच बाजूच्या साखळ्या बांधून सराव केला असेल तर किती दिवसांनी फरक दिसला ते नक्की कळवा.