मॅकडोनाची नाटकं आणि प्रॉपर्टीचं टेबल

ब्रिटिश-आयरिश नाटककार मार्टिन मॅकडोनाची नाटकं बसवताना आयरिश हेलाची आणि हिंसेची चर्चा फार होते. प्रॉपर्टीची, म्हणजे रंगमंचावर वापरायच्या वस्तूंची, होत नाही, आणि प्रयोग बहुधा तिथेच गडगडतो. त्याचा विनोद वस्तूंवर उभा असतो. वस्तू चुकली की हशाही चुकतो. (पुढे कथानकं फुटणार आहेत.)

‘द ब्यूटी क्वीन ऑफ लीनॅन’ पहिल्यांदा झालं ते फेब्रुवारी 1996 मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेला, ड्रुइड या नाट्यकंपनीकडून. दिग्दर्शक गॅरी हाइन्स. 1998 मध्ये त्या नाट्यदिग्दर्शनाचं टोनी (अमेरिकी रंगभूमीचं पारितोषिक) मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. मुलीच्या, म्हणजे मॉरीनच्या भूमिकेसाठी मरी मलनलाही टोनी मिळालं, आणि 2016 च्या ड्रुइडच्याच प्रयोगात त्याच मलनने आईची, मॅगची भूमिका केली.

सत्तरीची आई, चाळिशीची मुलगी, एकच स्वयंपाकघर. छळाचं पहिलं हत्यार म्हणजे कॉम्प्लान. तेच, जे आपल्याकडे उंची वाढवायला म्हणून खपलं. मॉरीन त्यात गुठळ्या ठेवते. गुठळ्या करायला कोरड्या भुकटीवर उकळतं पाणी एकदम ओता आणि चमचा जेमतेम फिरवा. वरचा थर भिजतो, आत भुकटी कोरडीच अडकते. आधी चमचाभर गार पाण्यात कालवलंत तर सगळं गुळगुळीत होईल आणि मॅगची कुरकुर खोटी वाटेल. नटीला ते तिथल्या तिथे प्यायचं असतं, म्हणून गुठळ्या विंगेत करून मगात टाकाव्यात आणि रंगमंचावरच्या किटलीत कोमट पाणीच ठेवावं.

नेपथ्यात सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे लोखंडी चूल. मॉरीनला आलेलं पत्र मॅग तिच्यात जाळते. पुष्कळ ठिकाणी चूल मागच्या भिंतीला लावतात. मग पत्र टाकताना मॅगची पाठच दिसते आणि प्रवेश मरतो. तोंड तिरकं, प्रेक्षकांकडे हवं. आत खरा जाळ नको, लाल-पिवळे दिवे आणि पत्रं झेलायला पत्र्याचा ट्रे पुरे. पत्राच्या प्रती प्रयोगागणिक नव्या हव्यात. चुरगळलेलं जुनं पत्र तिसऱ्या रांगेतूनही ओळखू येतं.

मॉरीन मॅगच्या हातावर गरम तेल ओतते, त्या प्रवेशाला एकसारखी दोन भांडी घ्या. प्रेक्षकांसमोर ‘तापतं’ ते एक, हातावर ओततात ते दुसरं, आणि त्यात साधं गार पाणी, किंचित पिवळं केलेलं. तेल नकोच; फरशीवर सांडलं तर पुढच्या प्रवेशात कुणीतरी आडवं होईल. चुरचुर ध्वनिमुद्रित ठेवा, पण पाणी हाताला लागल्यावर सुरू करा. आधी वाजली तर प्रेक्षक हसतात, आणि नाटकात जिथे हसू थांबायला हवं ती हीच जागा.

‘द लोन्सम वेस्ट’मध्ये व्हॅलीन आपल्या प्रत्येक वस्तूवर ‘व्ही’ लिहून ठेवतो. ते अक्षर मागच्या रांगेला वाचता यायला हवं. बारीक पेनाने लिहिलंत तर अर्धा विनोद वाया. त्याच्या संतांच्या प्लास्टिकच्या मूर्ती भाऊ वितळवतो, त्यासाठी खरं प्लास्टिक तापवू नका, धुराने नटांचा घसा बसतो. वितळलेला गोळा आधीच करून चुलीत ठेवावा.

‘अ स्कल इन कॉनेमारा’ हे मला तिघांतलं कमकुवत नाटक वाटतं, पण दारूच्या धुंदीत लाकडी हातोड्यांनी कवट्या फोडण्याचा प्रवेश जमला तर सगळं माफ. प्लास्टरच्या कवट्या आतून पोकळ, तीन-चार मिलिमीटर जाडीच्या ओता. भरीव कवटी फुटतच नाही, हातोडा उसळतो. ओतल्यावर निदान दोन दिवस वाळवा, ओली कवटी ठिकरण्याऐवजी दबते. टेबलाला कडा लावा आणि पहिली रांग रिकामी सोडा.

‘द लेफ्टनंट ऑफ इनिशमोर’ (2001, रॉयल शेक्सपियर कंपनी) सुरू होतं मेलेल्या मांजरापासून. खेळण्यातलं मांजर उचललं की हलकं आहे हे हातावरूनच कळतं. आत वाळूच्या पुरचुंड्या भरून तीनेक किलो करा, मान आणि पाय सैल ठेवा. पुढे पिवळ्या मांजराला बुटाच्या पॉलिशने काळं करतात. तेही नकलीच घ्या, कारण मांजर अंग चाटतं आणि पॉलिश पोटात जातं. शेवटी रंगमंचावर येणाऱ्या जिवंत मांजरासाठी भारतात नोंदणी आणि परवानगी लागते. ती खटपट वेळेत सुरू करावी.

रक्त लागतं भरपूर. चार भाग लिक्विड ग्लुकोज, एक भाग पाणी, खायचा लाल रंग, निळ्याचा एखादा थेंब, आणि गडदपणासाठी चिमूटभर कोको. कोको नसेल तर दिव्यांखाली ते सरबत दिसतं. कपड्यांवरच्या रक्तात भांड्यांचा साबण मिसळला तर डाग लवकर निघतो, पण तोंडातल्या रक्तात नाही. दोन बाटल्या, दोन रंगांची झाकणं. फरशीवर खरखरीत रंगाचा थर द्या, नाहीतर शेवटी प्रेतांचे तुकडे करणारे नट बूट घसरतील या भीतीने हळू चालतात, आणि मॅकडोनाच्या नाटकात हळू चालणारा नट संवादही हळूच म्हणू लागतो.